दहावी बंदूक

बफेलो, वायोमिंग
१४ जानेवारी १९७९

नोरीन,

वकिलाचं पाकीट एकदाचं आलं. वस्तू त्याने उन्हाळ्यातच, डॅड गेल्यावर, आपापल्या हाती दिल्या होत्या; कागद आत्ता. तुलाही आलं असेल. डॅडचं मृत्युपत्र दोन पानांचं, त्यातलं दीड पान नुसती गुरं आणि कुंपणं. शेवटी मात्र हे: ‘रिव्हॉल्व्हर लेलंडला. त्याचा मूळ डबा, मेणकागद आणि कारखान्याचे कागद नोरीनला.’ एकाच वस्तूचे दोन तुकडे. म्हातारा गेला तरी आपल्या दोघांना एका दोरीने बांधूनच गेला.

परवा कॅस्परहून जुन्या बंदुकांचा एक व्यापारी आला होता. त्याने आधी टोपी काढली, मग हातमोजे घातले, मग भिंग लावून अर्धा तास बघत बसला. म्हणाला, बावीस वर्षांत एकही गोळी न झाडलेलं असं रिव्हॉल्व्हर त्याने आयुष्यात तिसऱ्यांदा पाहिलं. डब्यासकट दिलं तर तो मागू ती किंमत देईल. मी विचारलं, “आणि झाडलं तर?” मी चर्चमध्ये थुंकलो असतो तरी त्याने माझ्याकडे तसं पाहिलं नसतं.

मला ते झाडायचंय, नोरीन. तुझं काय म्हणणं आहे ते कळव. फोन करू नकोस. या दरीत एका तारेवर सहा घरं आहेत आणि मी खोकलो तरी पाच घरांत चर्चा होते.

मेव्हिस गेल्याला आठ आठवडे झाले; पलंगाची तिची बाजू अजून तशीच आहे. शेजारणींनी आणून दिलेली जेवणाची भांडी मी धुऊन परत केली. दफनाच्या दुसऱ्या दिवशी शेजारचा डॉयल ट्रक घेऊन आला आणि साफ करतो म्हणून माझ्या सगळ्या बंदुका घेऊन गेला. नऊ. अजून साफ होतायत. इतक्या मळल्या होत्या हे मला ठाऊक नव्हतं. बार्नीही आता डॉयलच्या धाकटीकडे असतो. कुत्र्याला माणसांची सवय हवी.

लेलंड


लिंकन, नेब्रास्का
१९ जानेवारी

लाडक्या लेलंड,

नाही. शंभरदा विचारलंस तरी नाही.

तुझं पत्र मी शाळेच्या स्वयंपाकघरात वाचलं, तीनशे पोरांच्या सूपपुढे उभी राहून. सूप खाली लागलं ते तुझ्यामुळे.

तीन मार्च आठवतो ना? डॅडच्या वाढदिवसाचा ॲपल पाय खाऊन झाला की मम्मी टेबल पुसायची, दोनदा. मग ते पांढरे सुती हातमोजे. आपण दोघं हात पाठीमागे बांधून उभे. निळा डबा उघडायचा, मेणकागद कुरकुरायचा. डॅड आपल्याला एरवी हाक मारायचे तीही कुंपणापलीकडच्या बैलाला मारावी तशी. पण त्या एका तासात हळू बोलायचे. ‘बघा, ही नळी. हा घोडा. घोडा मागे ओढला की हे चक्र फिरतं, आणि फिरलं की खालचा खटका त्यावर बारीक रेघ ओढतो. म्हणून ओढायचा नाही. कधीच.’ मला ते बंदुकीबद्दल बोलतायत असं वाटायचंच नाही. वाटायचं, आपल्याला झोपवतायत.

तो तास त्यात आहे, लेलंड. एकदा झाडलंस की दरीतल्या इतर बंदुकांसारखीच तीही एक बंदूक होईल. धूर, काजळी, संपलं. मी डबा पाठवणार नाही आणि तूही त्याला हात लावणार नाहीस. ते आहे तसं राहू दे. आपल्या घरात तेवढीच एक गोष्ट आहे जिला कुणी इजा केली नाही.

काय खातोस? खरं सांग. कॅनमधले बीन्स हे उत्तर चालणार नाही.

आणि बार्नीला का दिलंस? हे मला कळलं नाही. मेव्हिसच्या आजारपणात तो तुझ्या पायाशी असायचा. मी पत्र दोनदा वाचलं, त्या ओळीपाशी दोन्हीदा अडखळले.

तुझी
नोरीन


बफेलो
२५ जानेवारी

नोरीन,

तुझ्या आठवणीत मेणकागद कुरकुरतो. माझ्या आठवणीत काय होतं ते सांगतो.

तू सातची असशील, मी सोळाचा. डॅड गुरं घेऊन शेरिडनला गेले होते. मी डबा उघडला. घोडा ओढला नाही, चक्र फिरवलं नाही, काही नाही. नुसतं हातात धरलं. तेही उघड्या हाताने, कारण मला त्याचं वजन बघायचं होतं. परत तस्संच गुंडाळून ठेवलं. पण हाताला घाम होता. मार्चमध्ये डबा उघडला तर मुठीच्या वरच्या बाजूला गंजाचा डाग, अंगठ्याच्या आकाराचा. हुबेहूब ठसा.

मारलं असतं तर बरं झालं असतं. मारलं नाही. दर वर्षी त्या डागावर बोट ठेवून ते म्हणायचे, “आणि हे लेलंडचं.” बावीसपैकी एकवीस वाढदिवस. पाहुण्यांसमोर. मेव्हिससमोर, आमच्या साखरपुड्याला. ती तेव्हा म्हणाली होती, “मग तेवढाच भाग सुंदर आहे.” डॅड तिच्यावर महिनाभर रुसले होते.

ते रिव्हॉल्व्हर आता ब्रेडच्या डब्याशेजारी आहे, मेव्हिसच्या टॉवेलात. मेणकागद तुझ्याकडे ना.

परवा गावात गेलो होतो. काडतुसं आणली. मला एकच हवं होतं, पण सुटं देत नाहीत, पन्नासांचा डबा घ्यावा लागतो. दुकानदार म्हणाला, “एवढ्या थंडीत काय मारणार, लेलंड?” मी म्हणालो, वेळ.

बीन्स खातो. कॅनमधले.

झोप लागत नाही, म्हणून सकाळी लवकर उठून बसतो. घर इतकं नीटनेटकं कधीच नव्हतं. गुरांचे कागद, ट्रॅक्टरचे कागद, सगळं लावून टेबलावर ठेवलंय, कुणाला काही शोधावं लागू नये म्हणून.

लेलंड


लिंकन
३० जानेवारी

लेलंड,

नीट ऐक. त्या वस्तूचा अर्धा हिस्सा माझा आहे. वकिलाला विचार. माझ्या संमतीशिवाय तुला ते विकता येणार नाही, देता येणार नाही, झाडता येणार नाही. मी संमती देत नाहीये.

नाही, थांब, असं नाही. खरं तर मी विचार बदललाय. झाडू या. पण तू एकट्याने नाही. तू निदान एकदा ते हातात तरी धरलंस. मला तर बोटही लावू दिलं नाही. मुलींच्या हाताला क्रीम असतं, म्हणायचे. तेव्हा पहिली गोळी माझी. मी डबा घेऊन येते. आज सकाळी निघणारच होते, पण वेसने पलंगातूनच रेडिओ लावला आणि शायेनच्या पुढे हायवे बंद आहे म्हणून ऐकलं. बर्फ काढायला किती दिवस लागतील कुणी सांगत नाही. रस्ता उघडला त्या दिवशी मी गाडीत असेन.

तोपर्यंत टॉवेल उघडायचा नाही. मला शब्द दे. लिहून दे. तू शब्द मोडत नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून मागते आहे.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी वेसला वाचून दाखवली. तो उठून माझा कोट घेऊन आला.

नोरीन


लिंकन
३० जानेवारी

डॉयल,

मी नोरीन, हॅल्वरची मुलगी. तीन वेळा फोन लावला, तुमच्या दरीची लाइन मेली आहे.

मेव्हिसच्या दफनानंतर तुम्ही लेलंडच्या बंदुका ‘साफ करायला’ घेऊन गेलात. का नेल्यात ते त्यालाही कळतं, मलाही कळतं, आणि तसं म्हटलं नाहीत म्हणूनच त्याने त्या दिल्या. मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे.

पण डॅडचं रिव्हॉल्व्हर? ते घेतलंत का? तो लिहितो की ते स्वयंपाकघरात आहे. त्याने काडतुसं आणली आहेत.

कृपा करून जा. मी लिहिलंय असं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही त्याला माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

नोरीन


बफेलो
३ फेब्रुवारी

नोरीन,

तुझं पत्र आज हातात पडलं. टपालवाला बर्फातून घोड्यावर आला, आणि कॉफी पिऊन लगेच मागे फिरतोय, म्हणून घाईत लिहितोय. त्याच्याच हाती देतो.

नाही घेतलं. तुला खोटं सांगत नाही. मी स्वतःच्या हाताने नऊ मोजल्या: रायफली, शॉटगन, कोठारातली जुनीसुद्धा. मेव्हिसचं ते छोटं पिस्तूल शिवणाच्या डब्यात होतं, तेही शोधून त्या नऊंत घातलं. आणि हॅल्वरचं रिव्हॉल्व्हर माझ्या नाकासमोर होतं. मी ते बाजूला सरकवून कॉफीचा कप ठेवला, पोरी. बाजूला सरकवून! ते बंदूक आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बावीस वर्षं आम्ही सगळे त्याकडे टोपी काढून बघत आलो. ते कुणी झाडत नाही. ते म्हणजे हॅल्वरचं ते. घड्याळ असावं तसं.

माझ्या बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “तुम्ही पुरुष मूर्ख आहात.” आणि मग म्हणाली, “मीपण होते तिथे. मीपण नाही मोजलं.”

तीन मैल आहेत. तुझं पत्र यायच्या आधीच, काल, त्याला बघायला निघालो होतो, ट्रक पुलापाशी रुतला, दोन तास फावडं मारून पाठी आलो. आता अंधार पडतोय; उद्या उजाडताच घोड्यावर जातो. वारा थांबला तर. नाही थांबला तरी जातो.

पोचलो की कळवेन.

डॉयल


लिंकन
७ फेब्रुवारी

लेलंड,

डॉयलचं पत्र आलं. त्यानंतर कुणाचंच काही नाही. हायवे बंद, फोन बंद. हे पत्र कधी पोचेल माहीत नाही, कोण उघडेल तेही माहीत नाही.

मागच्या पत्रात मी हिस्सा, संमती, पहिली गोळी असलं काय काय लिहिलं. मला फक्त वेळ काढायचा होता. तुला ते कळलंच असेल. आता सरळ विचारते: तुला मरायचंय का?

असेल तर मला सांग. मी ओरडणार नाही. पण मला सांगितल्याशिवाय जाऊ नकोस. डॅडनंतर मला मुलगी म्हणून आणि बहीण म्हणून ओळखणारा तू एकटा उरला आहेस. मी सात वर्षांची कशी होते हे जगात आता फक्त तुला माहीत आहे.

उत्तर दे. एक ओळ चालेल.

नोरीन


बफेलो
८ फेब्रुवारी

नोरीन,

तुझं ३० तारखेचं पत्र आत्ता मिळालं, डॉयलच्या घरी. मी गेले चार दिवस इथेच आहे. त्याच्या बायकोने मला शिवणाच्या खोलीत ठेवलंय, बार्नी पलंगावर झोपतो आणि मी कडेला.

तू काही विचारलं नाहीस, पण तुला कळलंय हे प्रत्येक ओळीत दिसतंय. म्हणून सांगतो. कुणाला तरी सांगायलाच हवं आणि डॉयलला तोंडावर सांगता येत नाही. तो रडतो.

चार तारखेची सकाळ होती. वारा असा की खिडक्या थरथरत होत्या. मी भांडी धुतली. टॉवेल उघडला. एक काडतूस भरलं. ते सगळं मी कुंपण दुरुस्त करावं तितक्या शांतपणे केलं, हेच मला आता भीतीदायक वाटतं.

मग अंगठा घोड्यावर ठेवला. आणि थांबलो.

हसू नकोस. मनात आलं, आता ओढला की रेघ उमटेल.

खरंच. मी तिथे बसलो होतो, सगळं संपवायला, आणि मला काळजी कसली, तर डॅडच्या चक्रावर ओरखडा पडेल याची. अंगठा पुढे जाईना. सदतीस वर्षांचा माणूस मी, आणि हात अजून पाठीमागे बांधलेले. मला हसू आलं. मोठ्याने हसलो, रिकाम्या घरात. आणि इतक्या दिवसांनी आपलाच आवाज कानावर पडला तेव्हा समजलं की मी किती घाबरलोय.

काडतूस काढलं. कोट घातला. ते टॉवेलात गुंडाळून काखेत मारलं आणि चालत निघालो. पुलाच्या अलीकडे डॉयल घोड्यावरून येताना दिसला, भुवया बर्फाने पांढऱ्या, खोगिराला दोरीने ॲपल पायचा डबा बांधलेला. म्हणे, “बायकोने पाठवलाय, म्हटलं तुला द्यावा.” अशा वादळात! मी म्हणालो, “डॉयल, तू एक विसरलास.” आणि टॉवेल त्याच्या हातात दिला. “हीपण बंदूकच आहे.”

तो घोड्यावरून उतरला. त्यानंतरचं लिहीत नाही.

तर सांगायचं ते हे, की झाडायचं नाही. तू पहिल्यांदा म्हणालीस तेच बरोबर. त्या नियमाने मला वाचवलं. आता ते असंच राहू दे. तू डबा घेऊन ये, आपण ते परत मेणकागदात गुंडाळू.

मी जेवतो. डॉयलची बायको समोर बसून मोजते. गावातल्या डॉक्टरकडे शुक्रवारी न्यायचं तिने परस्पर ठरवलंय. मी नाही म्हणालो, तिने ऐकलं नाही.

लेलंड


लिंकन
१३ फेब्रुवारी

लाडक्या लेलंड,

तुझं पत्र मी दारातच, कोट अंगात असताना वाचलं आणि तिथेच फरशीवर बसले. वेसला वाटलं वाईट बातमी आहे. मी पत्र त्याच्या हातात दिलं. तोही शेजारी बसला.

माझं सात तारखेचं पत्र तुला आता मिळालं असेल. ते फाडू नकोस. त्यातला प्रश्न मी पुन्हा विचारणार आहे, दर पत्रात. कंटाळलास तरी विचारणार. डॉक्टरकडे जा. डॉयलच्या बायकोला माझ्याकडून मिठी मार.

आता रिव्हॉल्व्हरचं.

नाही, लेलंड. मी चुकले होते. आपण ते झाडणार आहोत.

तू म्हणतोस नियमाने वाचवलं. मला वाटतं तू स्वतः वाचलास, चालत, तीन मैल, बर्फातून. नियमाने फक्त एक क्षण दिला, आणि तो क्षण पुढच्या वेळी मिळेलच असं नाही. उलट बाजू बघ ना. डॉयलसारखा माणूस शिवणाच्या डब्यापर्यंत पोचतो आणि टेबलावरचं रिव्हॉल्व्हर बाजूला सरकवून कॉफी पितो. का? कारण ते झाडलेलं नाही. ते इतकं पवित्र करून ठेवलंय की कुणाला ते दिसतच नाही. मी स्वतः तुझं पहिलं पत्र वाचून मेणकागदाबद्दल लिहीत बसले. तू नऊ बंदुका गेल्याचं लिहिलंस, कुत्रा दिल्याचं लिहिलंस, आणि मी लिहिलं, चक्राला रेघ पडेल. त्या पत्राची मला लाज वाटते.

मी म्हणाले होते ना, झाडलं की ती इतर बंदुकांसारखी एक होईल. तेच मला हवंय. पुढे कधी कुणाला तुझ्या घरातल्या बंदुका मोजाव्या लागल्या तर ती मोजली जावी. तिच्यावर काजळी असावी, रेघ असावी, कुणाची टोपी उतरू नये.

डॅडचा तो हळू आवाज माझ्याकडे आहेच. त्याला डबा लागत नाही.

रस्ता उघडला की येते.

नोरीन


बफेलो
२२ एप्रिल

नोरीन,

तू नीट पोचलीस हे वेसच्या पत्रावरून कळलं. तू आल्यापासून गेलीस तोवर पाऊस पडला नाही, आणि तू जाताच चिखल. कुंपणाजवळ तू निशाणासाठी मांडलेले कॉफीचे डबे अजून तिथेच आहेत, सहाच्या सहा, एकालाही भोक नाही. डॉयल येणाऱ्याजाणाऱ्याला नेऊन दाखवतो. म्हणतो, “हॅल्वरची लेक. सहा गोळ्या. डोंगराला लागल्या असतील, डोंगर मोठा होता.”

कॅस्परच्या व्यापाऱ्याला मी झाडल्याचं पत्र टाकलं. त्याने उत्तरात फक्त ‘का?’ एवढंच लिहिलंय.

तू शेवटची गोळी माझ्यासाठी ठेवली होतीस. रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे धरलंस आणि मी मान हलवली, तेव्हा तू काही विचारलं नाहीस, वळलीस आणि स्वतःच झाडलीस. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते.

तू गेल्यावर साफ करायला घेतलं, डॉयलच्या पडवीत, तो समोर बसून असताना. चक्राच्या तोंडाशी सहा काळी कडी उमटली आहेत, ती काही केल्या जात नाहीत. रेघही आहे, चांगली ठसठशीत. माझा गंजाचा डाग आता शोधावा लागतो. मी हातमोजे घातले नव्हते. त्याच्या बायकोने आतून विचारलं, “झालं का? जेवायला या.”

डॉक्टर दर शुक्रवारी तोच प्रश्न विचारतात जो तू विचारतेस. कधी कधी मी हो म्हणतो. त्या दिवशी ते जास्त वेळ बसवून घेतात. या महिन्यात एकदाच म्हणालो. बार्नी घरी आलाय, आणि मी पण.

डॉयलने ती इतर नऊंबरोबर कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मग जरा घुटमळला आणि म्हणाला, “लेलंड, तुझ्या सगळ्या साफ झाल्यात हां. कधी हव्यात ते सांग.”

मी म्हणालो, सांगेन.

अजून सांगितलेलं नाही.

लेलंड